बोटाचं हाड मोडलंय: ऑपरेशन करावं की स्प्लिंटवर भागेल?

रानवारा
नमस्कार मंडळी. धाकट्या भावाच्या उजव्या हाताच्या अनामिकेचं हाड मोडलंय. जिन्यात घसरला, कठड्याला धरायला गेला आणि बोट पिळवटलं. तळहाताला लागून जे पहिलं पेर असतं ना, त्याचं तिरकं फ्रॅक्चर आहे, रिपोर्टमध्ये स्पायरल लिहिलंय. पहिल्या डॉक्टरांनी कच्चं प्लास्टर घातलं, म्हणाले फार सरकलेलं नाही, आठवड्याने परत एक्सरे काढू. दुसऱ्यांनी तोच एक्सरे बघून सांगितलं की दोन तारा घालून घ्या, थांबू नका. आता घरात दोन तट पडलेत. आई म्हणते एवढ्याशा बोटाला कशाला कापाकापी, आणि भावाला वाटतंय एकदाचं ऑपरेशन करून मोकळं व्हावं कारण त्याचं सगळं काम ड्रॉइंगचं आहे, हात गेला तर कामच गेलं. कोणाला असा अनुभव आहे का? आणि कुठल्या फ्रॅक्चरला ऑपरेशन लागतंच, कुठल्याला नाही, हे ठरवतात तरी कसं?

गोगलगाय
बोटात अंगठी असेल तर आधी ती काढा. सूज चढली की कापावीच लागते आणि तोवर बोट निळं पडायला लागतं.

रानवारा
गोगलगाय, नव्हती अंगठी. पण लिहिलंत ते बरं झालं, पुढे कोणाला तरी उपयोग होईल.

घारू
माझा अनुभव सांगतो. करंगळीच्या मागचं तळहातातलं हाड मोडलं होतं, अगदी गाठीजवळ. एक्सरेत चांगलं वाकडं दिसत होतं आणि मला वाटलं आता थेट ऑपरेशन टेबलावर. पण डॉक्टरांनी फक्त करंगळी आणि शेजारचं बोट पट्टीने एकत्र बांधलं आणि म्हणाले हलवत रहा. बास, एवढंच! आज मूठ वळली की करंगळीची गाठ थोडी आत गेलेली दिसते, आणि तळहातावर जरासा उंचवटा लागतो. बाकी पकड पहिल्यासारखी, सगळी कामं करतो. त्यामुळे माझं मत विचाराल तर बोटाला ऑपरेशन शक्यतो टाळाच. हाड आपलं आपण जुळतं, शरीराला तेवढी अक्कल असते.

अवनी_
घारू, तुमचं चांगलं झालं याचा आनंदच आहे पण "टाळाच" असं सरसकट नका सांगू प्लीज. माझ्या मोठ्या बहिणीचं मधलं बोट असंच "फार सरकलेलं नाही" म्हणून प्लास्टरमध्ये ठेवलं. हाड जुळलं, एक्सरे झकास, पण प्लास्टर काढून मूठ वळायला गेली तर मधलं बोट तर्जनीवर चढायला लागलं. ग्लास धरताना अडायचं, मूठ बंदच होईना नीट. शेवटी जुळलेलं हाड परत कापून, सरळ फिरवून प्लेट टाकावी लागली. दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा कितीतरी मोठं आणि नंतरचा व्यायाम तर विचारूच नका. तेव्हा भावाच्या बाबतीत घाई करा असं माझं मत. आईंना समजावून सांगा.

सांधा
मी ऑर्थोपेडिक सर्जन आहे, रोजच्या कामात हातांची फ्रॅक्चर्स भरपूर बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमच्या भावाचा एक्सरे मी बघितलेला नाही, त्यामुळे "करा" किंवा "नका करू" असं इथून सांगणार नाही. पण घारू आणि अवनी दोघांचंही बरोबर आहे आणि ते कसं ते सांगतो.

एका हातात, मनगटासकट, २७ हाडं असतात. मनगटाची ८, तळहाताची ५ आणि बोटांची १४. या सगळ्यांना एक नियम लागू होत नाही. घारूंचं जे मोडलं होतं त्याला बॉक्सर्स फ्रॅक्चर म्हणतात. करंगळी आणि अनामिकेच्या मागची तळहाताची हाडं मुळाशी थोडी हलती असतात, त्यामुळे तिथे हाड तळहाताकडे वाकलेलं राहिलं तरी हात ते सांभाळून घेतो. करंगळीच्या बाबतीत अगदी ४० डिग्रीपर्यंतचा वाक बरेच सर्जन ऑपरेशनशिवाय स्वीकारतात. तर्जनी आणि मधल्या बोटामागची हाडं मुळाशी घट्ट असतात, तिथे १०-१५ डिग्रीच्या पुढे गेलं की आम्ही विचारात पडतो.

पण वाक वेगळा आणि पीळ वेगळा. हाड स्वतःच्या अक्षाभोवती फिरलं असेल तर ते कुठल्याच बोटाला चालत नाही. तळहाताच्या हाडात ५ डिग्रीचा पीळ राहिला तर मूठ वळल्यावर बोटाच्या टोकाशी सुमारे दीड सेंटीमीटरचा फरक पडतो, म्हणजे बोट शेजारच्यावर चढतं किंवा खाली शिरतं. अवनींच्या बहिणीचं हेच झालं. आणि गंमत अशी की पीळ साध्या एक्सरेत बऱ्याचदा कळतच नाही. तो हात बघूनच कळतो. स्पायरल फ्रॅक्चरमध्ये पीळ राहण्याची शक्यता जास्त, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांना काळजी वाटली असणार.

बघायचं कसं: हळूच मूठ वळायला सांगायचं. निरोगी हातात सगळी बोटं मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला झुकतात, एकमेकांवर चढत नाहीत. सूज आणि दुखण्यामुळे मूठ वळत नसेल तर मनगट मागे वाकवायचं, बोटं आपोआप मिटायला लागतात, तेवढ्यावरही अंदाज येतो. नखं समोरून बघायची, एकाच रेषेत आहेत का. आणि दुसऱ्या हाताशी ताडून बघायचं, कारण काहींची बोटं जन्मतः थोडी तिरकी असतात. हे घरी प्लास्टर सोडून करू नका, डॉक्टरांकडेच करून घ्या आणि स्वतः बघा.

ऑपरेशनकडे कल कधी जातो: पीळ असेल, हाड बसवल्यावर जागेवर टिकत नसेल, सांध्याच्या आतला तुकडा सरकला असेल, जखम उघडी असेल, किंवा एकाच वेळी दोन-तीन हाडं गेली असतील. बाकी बहुतेक फ्रॅक्चर्स स्प्लिंट (बाहेरून बांधायचा कडक आधार) किंवा पट्टीवर उत्तम बरी होतात. आणि निर्णयाला वेळ लावू नका. दोन-तीन आठवडे उलटले की हाड धरायला लागतं, मग न कापता बाहेरून बसवणं अवघड होतं.

टिंबटिंब
सांधा यांचा प्रतिसाद वाचता वाचता मूठ वळून बघितली. सगळी बोटं जागच्या जागी आहेत, चला 😀

पायवाट
मी पण 😄 ऑफिसात शेजारचा विचारतोय कोणावर चिडलीस.

घारू
सांधा, धन्यवाद. माझं वेगळं फ्रॅक्चर होतं हे मान्य. पण मग पहिले डॉक्टर "आठवड्याने एक्सरे काढू" म्हणाले ते चूक होतं असं म्हणायचं का?

सांधा
नाही, अजिबात नाही. स्प्लिंटवर ठेवलेल्या फ्रॅक्चरचा आठवड्याच्या आसपास परत एक्सरे काढावाच लागतो, कारण सूज उतरली की प्लास्टर सैल होतं आणि हाड सरकू शकतं. पीळ नसेल तर त्यांचा मार्ग योग्यच आहे. म्हणून म्हणतो, भांडण तारा की प्लास्टर असं नाहीये, आधी पीळ आहे की नाही ते ठरवा.

निशिगंध
मी हॅन्ड थेरपिस्ट आहे. सर्जन मंडळी हाडाचं बोलतात, मी त्याच्यानंतर जे होतं त्याबद्दल बोलते कारण माझ्याकडे पेशंट येतात तेव्हा हाड जुळलेलं असतं आणि बोट लाकडासारखं कडक झालेलं असतं.

रानवारा ताई (की दादा?), भावाचं कच्चं प्लास्टर कुठल्या स्थितीत आहे ते बघा. हात सपाट, बोटं सरळ अशा अवस्थेत बांधून ठेवलेला हात मला सगळ्यात जास्त त्रास देतो. बरोबर स्थिती अशी: मनगट २०-३० डिग्री मागे, तळहात आणि बोटं जिथे जुळतात त्या गाठी ७० ते ९० डिग्री वाकलेल्या, आणि त्यापुढचे बोटांचे दोन्ही सांधे सरळ. बघायला विचित्र वाटते, पेशंट विचारतातच की हे असं का. कारण गाठीच्या दोन्ही बाजूंचे जे लिगामेंट (हाडाला हाड जोडणारे पट्टे) असतात ते गाठ वाकलेली असताना ताणलेले असतात आणि सरळ असताना सैल. सैल अवस्थेत महिनाभर ठेवले तर तिथेच आखडतात, मग गाठ वाकतच नाही. बोटाच्या मधल्या सांध्याचं उलट, तो वाकलेला ठेवला तर तळहाताकडचा भाग आखडतो आणि बोट सरळच होत नाही. म्हणून एक वाकवायचा आणि एक सरळ.

दुसरं म्हणजे जे बोट मोडलं नाही ते बांधू नका! एका बोटासाठी पूर्ण पंजा गुंडाळलेला दिसतो तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. शेजारचं एखादं बोट आधाराला घेतलं तर ठीक, पण अंगठा आणि बाकीची बोटं पहिल्या दिवसापासून हलली पाहिजेत. खांदा आणि कोपरही. हात हृदयापेक्षा उंच ठेवायचा, झोपताना उशीवर. गळ्यातल्या झोळीत हात दिवसभर लोंबकळत ठेवला की सूज उतरत नाही, आणि सूज जितके दिवस राहील तितकं बोट आखडेल.

मुक्काम_पोस्ट
निशिगंध ताई, हे आधी कोणी सांगितलं असतं तर! बॉल लागून माझं बोट मधल्या सांध्यात मागे वाकलं होतं. एक्सरेत अगदी कणभर तुकडा निघालेला. फोम लावलेली अॅल्युमिनियमची पट्टी बांधून दिली आणि सांगितलं काढू नका. महिना उलटून गेला तरी कोणी काढा म्हणालं नाही. आता सांधा अर्धवट वाकलेला राहतो, ना पूर्ण सरळ ना पूर्ण मिटत, आणि अजून जाड दिसतो. एवढासा तुकडा आणि एवढा ताप.

निशिगंध
मुक्काम_पोस्ट, तुम्ही सांगताय तो व्होलर प्लेटचा (सांध्याच्या तळहाताकडचा चिवट पडदा) तुकडा असावा. सांधा जागेवर असेल तर अशा बोटाला शेजारच्या बोटाला बांधून लवकर हलवणं हेच बहुतेकदा पुरतं. मधल्या सांध्याला जास्त दिवस बंदिस्त ठेवलेलं आवडत नाही. पण नाराज होऊ नका, आखडलेला सांधा बऱ्यापैकी मागे आणता येतो. बोट हळूहळू सरळ खेचणाऱ्या स्प्रिंगच्या स्प्लिंट असतात, किंवा दर थोड्या दिवसांनी नव्याने घालायचं छोटं प्लास्टर. चिकाटी लागते. आणि त्या सांध्याची सूज वर्षभर रेंगाळू शकते, जाड दिसतंय म्हणून घाबरून जोरात ओढाताण करू नका, त्याने आणखी सुजतं.

कोरांटी
एक प्रश्न. थर्मोप्लास्टिक स्प्लिंट म्हणजे काय प्रकार आहे? प्लास्टरपेक्षा चांगली का?

निशिगंध
पांढरा किंवा रंगीत प्लास्टिकचा पत्रा असतो. साधारण ६५-७० डिग्रीच्या पाण्यात टाकला की मिनिटाभरात मऊ पडतो, मग पुसून, स्वतःच्या मनगटावर लावून तापमान बघते आणि पेशंटच्या हातावर बसवते. दोन-तीन मिनिटांत कडक होतो तेवढ्यात सगळे कोन धरून ठेवायचे. कडा कात्रीने कापून, परत गरम करून गुळगुळीत करायच्या, विशेषतः अंगठ्याच्या मुळाशी, नाहीतर तिथे टोचतं. मग वेल्क्रो. वजनाला हलकी, सूज उतरली की परत गरम करून नव्याने बसवता येते, आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की व्यायामापुरती काढताही येते. प्लास्टर वाईट असं नाही, पहिल्या काही दिवसांत सूज असते तेव्हा कच्चं प्लास्टरच बरं, त्याला सुजायला जागा मिळते.

शब्दवेल्हाळ
मला वेगळं वाटतं. एवढे सगळे दिवस स्प्लिंटमध्ये घालवण्यापेक्षा प्लेट-स्क्रू टाकून घ्यावं आणि चार दिवसांत हात हलवायला लागावं. माझ्या मामेभावाने तसंच केलं, तळहाताच्या हाडाला प्लेट, लगेच कामावर. ताराबिरा कशाला, बाहेर टोकं येतात, इन्फेक्शन होतं.

सांधा
शब्दवेल्हाळ, तळहाताच्या हाडाला प्लेट चांगली चालते, मीही टाकतो. हल्ली तिथे हाडाच्या पोकळीत बिनडोक्याचा स्क्रू घालायची पद्धतही रुळली आहे, छोट्याशा छेदातून होते. पण बोटाच्या पहिल्या पेराची गोष्ट वेगळी. तिथे हाडाला लपेटूनच बोट सरळ करणारा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) जातो, मध्ये मांसाची गादी नाही. प्लेट टाकायची म्हणजे तो बाजूला करायचा किंवा चिरायचा, आणि मग तो प्लेटला आणि हाडाला चिकटतो. एक्सरे इतका सुंदर येतो की भिंतीवर लावावा, आणि बोट वाकत नाही. मग प्लेट काढून टेंडन सोडवायचं दुसरं ऑपरेशन. म्हणून जिथे त्वचेतून तारा घालून भागतं तिथे आम्ही कापत नाही. लांब तिरक्या फ्रॅक्चरला नुसते दोन-तीन बारीक स्क्रूही पुरतात.

तारांचं म्हणाल तर टोकाशी इन्फेक्शन होऊ शकतं हे खरं, पण बहुतेक वेळा वरवरचं असतं, ड्रेसिंग आणि गोळ्यांवर जातं. आणि तीन-चार आठवड्यांत तारा निघतात. ओपीडीतच, पकडीने, भूल न देता. पेशंट आधी घाबरतात आणि नंतर म्हणतात, झालं एवढंच?

अमेरिकेतले हॅन्ड सर्जन आल्फ्रेड स्वान्सन यांनी सांगून ठेवलंय ते आम्ही शिकाऊ डॉक्टरांना पहिल्याच दिवशी ऐकवतो. हाताच्या फ्रॅक्चरकडे दुर्लक्ष केलं तर व्यंग राहतं, अति उपचार केले तर हात आखडतो, आणि वाईट उपचार केले तर दोन्ही होतं.

जुनेपुराणे
थोडं अवांतर. ही तार म्हणजे के-वायर, मार्टिन किर्शनर नावाच्या जर्मन सर्जनच्या नावावरून. त्याने ती १९०९ मध्ये आणली, सुरुवातीला मोडलेल्या हाडाला वजन लावून ताण द्यायला. शंभर वर्षं उलटून गेली तरी तीच तार वापरात आहे याचं मला फार अप्रूप वाटतं. प्लास्टरच्या पट्ट्या त्याहून जुन्या, १८५०च्या दशकाच्या सुरुवातीला आंटोनियस मथायसेन या डच लष्करी डॉक्टरने आणल्या. आणि गाजलेल्या पहिल्या एक्सरेपैकी एक हाताचाच आहे, १८९५ च्या डिसेंबरात राँटगेनने बायकोच्या हाताचा काढला, बोटातली अंगठी स्पष्ट दिसते त्यात. वर गोगलगाय यांनी अंगठीचा विषय काढला म्हणून आठवलं.

गोगलगाय
वा! अंगठी इतकी जुनी निघेल असं वाटलं नव्हतं 😀

कोरांटी
जुनेपुराणे, मस्त माहिती. अजून लिहा.

अवखळ_वारा
मॅलेट फिंगरबद्दल कोणीच लिहिलं नाही. बोटाचं टोक खाली लोंबतं आणि स्वतःहून वर उचलत नाही. वडिलांना चादर गादीखाली खोचताना झालं, विश्वास बसणार नाही पण खरंच. दुखलं पण फारसं नाही, म्हणून कोणी मनावरच घेतलं नव्हतं. मग टोकाच्या सांध्याला छोटी प्लास्टिकची टोपी, सहा ते आठ आठवडे २४ तास. त्यात म्हणे एकदाही टोक खाली पडू द्यायचं नाही, पडलं की पहिल्यापासून मोजायचं. हे खरं आहे का? मग धुवायचं कसं?

निशिगंध
खरं आहे. तुटलेला टेंडन किंवा त्याच्यासोबत निघालेला हाडाचा कण हळूहळू जुळत असतो, टोक एकदा वाकलं की ते उसवतं. धुण्यासाठी काढता येते, पण पद्धत आहे. हात टेबलावर पालथा ठेवायचा, बोटाचं टोक टेबलाला टेकलेलं, आणि स्प्लिंट पुढे सरकवून काढायची. दुसऱ्या माणसाने बोटाचं टोक खालून धरून ठेवायचं, धुवायचं, पूर्ण कोरडं करायचं, परत चढवायची. ओलसर राहिलं की कातडी पांढरी पडून फाटते. मधला सांधा मात्र मोकळा आणि हलता ठेवायचा. आठ आठवड्यांनंतर काही आठवडे फक्त रात्री. वडिलांचं आता कसं आहे?

अवखळ_वारा
चांगलं आहे ताई. टोक किंचित खाली राहिलंय पण त्यांना काही अडत नाही. आम्ही दोघं मिळून रोज रात्री तो टेबलाचा कार्यक्रम करायचो, ते मला "नीट धर" म्हणून ओरडायचे.

सांधा
मॅलेटमध्ये हाडाचा तुकडा सांध्याच्या एक तृतीयांशापेक्षा मोठा असेल आणि सांधा जागेवरून सरकला असेल तरच ऑपरेशनचा विचार होतो. याच्या उलट प्रकार मात्र घाईचा आहे: कपडा किंवा दोरी पकडताना हिसका बसला आणि बोटाचं टोक *वाकवताच* येत नाही, बहुतेकदा अनामिकेचं. तिथे वाकवणारा टेंडन हाडावरून सुटून तळहातात मागे पळालेला असू शकतो. आठवडा-दहा दिवसांच्या आत शिवावा लागतो, यात स्प्लिंट लावून वाट बघायची नाही.

अनवट
मनगटाचं पण लिहा कोणीतरी. हातावर पडले, अंगठ्याच्या मुळाशी दुखत होतं, एक्सरे नॉर्मल, "मुरगळलंय" म्हणाले. दुखणं काही जाईना. नंतर एमआरआयमध्ये स्कॅफॉइड, म्हणजे मनगटातलं अंगठ्याकडचं छोटं हाड, मोडलेलं निघालं.

सांधा
अनवट, हे मुद्दाम सगळ्यांनी वाचावं. अंगठा ताणला की मनगटाशी दोन टेंडनमध्ये खळगा पडतो, तिथे दाबून दुखत असेल तर एक्सरे नॉर्मल असला तरी स्कॅफॉइड मोडलंय असं समजूनच स्प्लिंट लावतात आणि १०-१४ दिवसांनी परत एक्सरे, किंवा लवकर एमआरआय. या हाडाला रक्तपुरवठा बोटांकडच्या टोकाकडून होतो आणि उलट मागे जातो. कालव्याच्या शेपटाकडच्या शेताला पाणी कसं शेवटी पोचतं, तसं मनगटाकडच्या टोकाचं होतं. मध्ये हाड मोडलं की तो तुकडा कोरडा पडू शकतो, म्हणून जुळायला वेळ लागतो आणि कधी जुळतही नाही.

ऑपरेशन की प्लास्टर हा धाग्याचा विषय आहे म्हणून सांगतो, स्कॅफॉइडवर यासाठीच मोठा अभ्यास झालाय. इंग्लंड आणि वेल्समधल्या ३१ हॉस्पिटलांतले ४३९ प्रौढ पेशंट, हाडाच्या मधल्या भागाचं फ्रॅक्चर, २ मिलिमीटरपर्यंत सरकलेलं. अर्ध्यांना स्क्रू, अर्ध्यांना आधी प्लास्टर आणि जुळलं नाही असं दिसलं तर लगेच स्क्रू. २०२० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला. वर्षानंतर दोन्ही गटांत मनगटाच्या दुखण्यात आणि कामात म्हणण्यासारखा फरक नव्हता. म्हणजे सगळ्यांना सरसकट स्क्रू घालायची गरज नाही, पण प्लास्टर घातलं तर शेवटपर्यंत लक्ष ठेवलंच पाहिजे. जास्त सरकलेलं असेल किंवा मनगटाकडचं टोक मोडलं असेल तर गणित बदलतं.

शब्दवेल्हाळ
हा अभ्यास माहीत नव्हता. प्लेटवाल्या माझ्या मताला थोडी मुरड घालतो. पण लवकर हलवण्याचा आग्रह सोडत नाही.

निशिगंध
शब्दवेल्हाळ, त्या आग्रहात मी तुमच्याच बाजूने आहे :)

मधुमालती
लहान मुलांचं काय? मुलीचं बोट दारात चेमटलं होतं, नख मुळातून वर आलं होतं. तिथल्या एकांनी नख खाली दाबून पट्टी बांधायला घेतली होती, पण दुसऱ्या डॉक्टरांनी थांबवलं आणि एक्सरे काढायला लावला. हाड वाढीच्या जागी मोडलेलं निघालं, नखाखालची कातडी फटीत अडकलेली. धुवून साफ करून नख जागेवर बसवलं, छोटी तार घातली. आज कळतही नाही कुठलं बोट ते. त्या डॉक्टरांचे उपकार विसरणार नाही.

सांधा
मधुमालती, त्यांनी फार योग्य केलं. याला सीमोर फ्रॅक्चर म्हणतात, दिसतं नखाचं दुखणं आणि असतं उघडं फ्रॅक्चर. तसंच सोडलं तर हाडात इन्फेक्शन आणि नख-हाडाची वाढ बिघडते. एरवी मुलांची हाडं वाकडी जुळली तरी वाढीबरोबर बरीच सुधारतात, पीळ मात्र मुलांमध्येही आपोआप जात नाही.

रानवारा
सगळ्यांचे मनापासून आभार. अपडेट देते. (निशिगंध, ताई :)) आम्ही फक्त हाताचं काम करणाऱ्या सर्जनकडे गेलो. त्यांनी प्लास्टर सोडून मनगट मागे वाकवलं तर अनामिका सरळ मधल्या बोटाखाली शिरली. आईने स्वतः बघितलं, मग तिनेच विचारलं कधी करायचं. पहिल्या डॉक्टरांनाही फोन करून कळवलं, ते म्हणाले बरोबर आहे, करून घ्या.

ऑपरेशन भाऊ पूर्ण जागा असताना झालं. फक्त हाताला इंजेक्शन, दंडाला पट्टाही आवळला नाही. बाहेरूनच हाड बसवलं, स्क्रीनवर बघत दोन तारा घातल्या आणि मग त्याला म्हणाले आता मूठ वळ. त्याने टेबलावरच वळली, बोट बरोबर ओळीत आलं, ते त्याने स्वतः बघितलं. म्हणतो की भीती तिथेच गेली. एक शंका आहे, इंजेक्शनमध्ये अॅड्रेनलिन होतं असं म्हणाले, बोटाला ते देत नाहीत असं कुठेतरी वाचलं होतं?

सांधा
छान झालं. अॅड्रेनलिनने बोटाचा रक्तपुरवठा बंद पडतो असं कैक वर्षं शिकवलं जायचं. कॅनडातले डॉ. डोनाल्ड लालोंड आणि इतरांनी हजारो पेशंटवर वापरून दाखवलं की योग्य प्रमाणात ते सुरक्षित आहे. रक्त कमी येतं म्हणून दंडाला पट्टा लागत नाही, आणि पट्टा नाही म्हणून पेशंट जागा राहून बोट हलवू शकतो. पीळ गेला की नाही हे टेबलावरच कळण्यासारखं दुसरं समाधान नाही. रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्यांना मात्र जपून.

अवनी_
रानवारा, खूप बरं वाटलं वाचून. बहिणीला हा धागा पाठवलाय.

घारू
भावाला शुभेच्छा. "टाळाच" मागे घेतो, "आधी मूठ बघा" असं वाचा 🙂

रानवारा
घारू, धन्यवाद :) आता निशिगंध ताईंना प्रश्न. तारा असताना काय हलवायचं? आणि तारा काढल्यावर तो लगेच पेन्सिल धरू शकेल का? एक्सरेत रेष दिसतेय अजून, त्याने तो घाबरलाय.

निशिगंध
तारा कुठून कुठे गेल्यात त्यावर आहे, तुमच्या सर्जनना विचारा की कुठले सांधे मोकळे आहेत. जे मोकळे ते रोज थोड्या थोड्या वेळाने हलवायचे. टोकाचा सांधा एकटा वाकवायचा, मधलं पेर दुसऱ्या हाताने धरून. त्याने आतला टेंडन सरकता राहतो, चिकटत नाही. तारांची टोकं कोरडी ठेवा, लाली वाढली, पू आला किंवा ठणका वाढला तर वाट बघू नका.

एक्सरेतल्या रेषेचं घाबरू नका. हाताच्या हाडांत ती काही महिने दिसू शकते. फ्रॅक्चरच्या जागी दाबलं तर दुखतं का, हे जास्त महत्त्वाचं. साधारण चौथ्या आठवड्याला दाबून दुखत नसेल तर हलकं काम सुरू होतं. पेन्सिल धरायला हरकत नसते, सुरुवातीला जाड करून द्या, फोमची नळी चढवून, म्हणजे मूठ पूर्ण मिटावी लागत नाही. वजन उचलणं, ढकलणं, घट्ट झाकणं उघडणं याला मात्र सहा ते आठ आठवडे तरी थांबायचं आणि तेही सर्जन हो म्हणाल्यावर. सिगरेट ओढत असेल तर या काळात बंद, हाड जुळायला उशीर होतो.

आणि एक लक्षात ठेवा. दुखणं फ्रॅक्चरच्या मानाने फारच जास्त असेल, हात चकचकीत, कधी लाल-गरम कधी गार-निळसर पडत असेल, नुसतं कापड लागलं तरी सहन होत नसेल, तर "व्यायामाचंच दुखतंय" म्हणून सोडून देऊ नका, लगेच दाखवा. ते लवकर पकडलं तर आटोक्यात येतं.

मुक्काम_पोस्ट
निशिगंध ताई, तुमच्या सांगण्यावरून हॅन्ड थेरपिस्टकडे जायला लागलोय. स्प्रिंगची स्प्लिंट मिळाली. किती वेळ घालायची यावर त्यांचं म्हणणं दिवसातून अनेकदा अर्धा-अर्धा तास, मी रात्रभर घालू का, म्हणजे लवकर होईल?

निशिगंध
त्या सांगतील तेवढंच. कमी जोर आणि एकूण जास्त वेळ, असं चालतं हे. काढल्यावर बोटाचं टोक पांढरं पडलेलं किंवा बधिर वाटलं तर जोर जास्त आहे, स्प्रिंग सैल करून घ्या. रात्रीसाठी वेगळी, बिनस्प्रिंगची स्प्लिंट करून मिळते, तिच्याबद्दल पुढच्या भेटीत विचारा.